एक एकर, तीन देश

पत्र

सर, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धाकटा भाऊ २१ वर्षांचा. बारावीनंतर आयटीआय इलेक्ट्रिशियन झाला, सध्या चाकणला एका कंपनीत अप्रेंटिस आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात एका कन्सल्टंटमार्फत कॅनडातल्या कॉलेजात दोन वर्षांच्या बिझनेस डिप्लोमासाठी अर्ज केला होता. व्हिसा नाकारला गेला. कॉलेजने थोडे पैसे कापून फी परत केली, कन्सल्टंटने मात्र एक रुपया दिला नाही. कदाचित आमच्याकडूनच कागदपत्रांत काही राहिलं असेल. आता तोच माणूस म्हणतो, कॅनडा सोडा, मेलबर्नला कुकरीचा डिप्लोमा करू दे. आज कडक आहे, पण सरकार बदललं की दारं उघडतात. बाबा विहिरीजवळचा एक एकर विकायला निघालेत. पुण्यातला दुसरा एक क्लास म्हणतो, साडेचार लाख भरा, चार महिन्यांत जर्मन भाषेची बी-१ पातळी आणि आउसबिल्डुंगची, म्हणजे तिथल्या शिकाऊ नोकरीची, हमी. घरात रोज रात्री हाच विषय. आई काही बोलत नाही. दर सहा महिन्यांनी नियम बदलतात, मग आम्ही भरवसा ठेवायचा कशावर?

उत्तर

ताई, नमस्कार.

एकराचं आधी सांगतो. तो विकू नका. मेलबर्नसाठी नको आणि जर्मनीसाठी तर मुळीच नको. का, ते पुढे येईलच. पण बाबांना आज रात्री तरी झोप लागावी म्हणून हे सगळ्यात वर लिहिलं.

मी व्हिसाचा वकील नाही. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो, फिटर ट्रेडला. माझ्या हाताखालून गेलेली काही पोरं मस्कतला गेली, काही युरोपात आहेत, काही पैसे घालवून गावी परत आली. मी जे काही शिकलो ते बहुतेक या परत आलेल्यांकडून.

तुम्ही लिहिता, कागदपत्रांत आमचंच काही राहिलं असेल. राहिलं असेलही. फाईल मी पाहिलेली नाही. पण भाऊ ज्या वर्षी रांगेत उभा राहिला, त्या वर्षी रांगच निम्म्यातून तोडायचं ठरलं होतं, हे तुमच्या कन्सल्टंटने सांगायला हवं होतं. त्याला ते माहीत नसेल तर त्याने धंदा बदलावा, आणि माहीत असेल तर तुम्ही माणूस बदला.

झालं काय होतं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मेलबर्नचं उत्तर त्यातच आहे.

कॅनडात कॉलेजं प्रांताच्या हातात आणि व्हिसा केंद्राच्या हातात. आपल्याकडे आयटीआय राज्याचं आणि पासपोर्ट दिल्लीचा, तशातलाच प्रकार. ओंटारिओ प्रांतात २०१९ मध्ये सरकारने तिथल्या विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी उतरवली आणि तिथेच गोठवली. मतदार खूश. पण कॉलेजला वीज, पगार, वर्कशॉपचं सामान हे सगळं लागतंच. तो खड्डा भरायला त्यांना परदेशी विद्यार्थी सापडले, ज्यांच्या फीवर कुठलाच लगाम नव्हता. त्यांत सगळ्यात जास्त आपली पोरं. मग सरकारी कॉलेजांनी आपला अभ्यासक्रम खासगी कॉलेजांना चालवायला दिला आणि टोरांटोच्या आसपास वर्ग भरू लागले. २०२३ संपताना कॅनडात परदेशी विद्यार्थी १० लाखांच्या वर गेले होते. शिकवणं हा त्यातला दुय्यम भाग. खरी विक्री होती ती कोर्सनंतर मिळणाऱ्या वर्क परमिटची, आणि त्यामागे दिसणाऱ्या पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची.

तोवर घरभाडी भडकली होती. सत्ताधारी लिबरल पक्ष जनमत चाचण्यांत मागे पडला होता. भाडं परवडत नाही म्हणून चिडलेला माणूस मतदार होता. वीस वर्षांचा सातारचा मुलगा मतदार नव्हता. २२ जानेवारी २०२४ ला तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी वर्षाला किती स्टडी परमिट द्यायचे याच्यावर मर्यादा घातली, आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांनी अशा काही कॉलेजांची तुलना कुत्र्यांची पिल्लं घाऊक पैदा करणाऱ्या कारखान्यांशी केली होती. कारखाना चालू देणारे कोण होते, हा प्रश्न तिथल्या वर्तमानपत्रांनी विचारला. आपण विचारून उपयोग नाही.

त्यात आपलं आणि त्यांचं भांडण. सप्टेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी खलिस्तानवादी निज्जरच्या हत्येच्या प्रकरणात भारतावर आरोप केला, ऑक्टोबरमध्ये कॅनडाला आपले ४१ राजनैतिक अधिकारी इथून न्यावे लागले. फायली तपासणारे हातच कमी झाले. त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत भारतीयांना १,०८,९४० स्टडी परमिट मिळाले होते. पुढच्या तीन महिन्यांत १४,९१०. ज्यांचे अर्ज त्या तीन महिन्यांत अडकले त्यांचा निज्जरशी काय संबंध? पण राजकारणाचा फटका असाच, संबंध नसलेल्यालाच आधी बसतो.

आता एक बारीक गोष्ट. तुमच्या शाळेतल्या मुलांना समजवावी तशी घरी समजवून सांगा. १ नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडाने कॉलेजच्या डिप्लोमावाल्यांना अट घातली: शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कारागिरीचे ट्रेड आणि वाहतूक अशा ठरावीक क्षेत्रांतला कोर्स असेल तरच नंतर वर्क परमिट. बिझनेसचे डिप्लोमे बाहेर पडले. भावाने अर्ज आधी केला होता, म्हणून व्हिसा मिळाला असता तर ही अट त्याला लागली नसती. पण त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, नोव्हेंबरनंतर अर्ज करून आलेल्याला लागली. एका बाकावरचे दोघे, एकाच फळ्याकडे बघणारे, एकाच रकमेची फी भरलेले, आणि दोघांना नियम वेगळे. शिवाय इंग्रजीच्या परीक्षेची नवी अट अर्ज जुना असला तरी लागू झाली, कारण ती वर्क परमिट मागायच्या तारखेशी जोडलेली. म्हणजे नियम काय आहे एवढं विचारून भागत नाही. तो कुठल्या तारखेला कुणाला चिकटतो, हे विचारावं लागतं. कन्सल्टंटच्या माहितीपत्रकात ही तारीख कधी छापलेली असते का, बघा.

त्या यादीचंही पुढे काय झालं ऐका. जून २०२५ मध्ये तिच्यातून १७८ अभ्यासक्रम काढले, ११९ नवे घातले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काढलेले १७८ काही काळासाठी पुन्हा आत घेतले. दहा दिवसांचा खेळ. ज्या बापाने त्या दहा दिवसांत पैसे भरले किंवा काढून घेतले, त्याचं काय झालं असेल, याचा मी कधीकधी विचार करतो.

"सरकार बदललं की दारं उघडतात" हे वाक्य तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. एक एकराला पडणारं.

कॅनडात सरकारचा चेहरा बदलला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रुडो यांनी पायउतार होण्याची घोषणा केली, मार्चमध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले, एप्रिलमध्ये निवडणूकही जिंकले. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात त्यांच्या सरकारने २०२६ साठी नव्या विद्यार्थ्यांचा आकडा १,५५,००० ठरवला. आधीचा बेत ३ लाखांच्या वरचा होता. माणूस बदलला, आणि नव्या माणसाने दार आणखी लोटलं.

ऑस्ट्रेलियाचं तर त्याहून मजेशीर. तिथल्या लेबर सरकारने विद्यार्थिसंख्येवर कायद्याने मर्यादा घालायचं विधेयक आणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विरोधी आघाडी आणि ग्रीन पक्ष यांनी मिळून ते अडवलं. एजंटांनी पेढे वाटले असतील. डिसेंबरात सरकारने मंत्र्याच्या सहीची एक सूचना काढली: प्रत्येक संस्थेला ठरवून दिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतचे अर्ज आधी हाताळायचे, त्यापुढचे सावकाश. संसदेत जे झालं नाही ते टेबलावरच्या एका कागदाने झालं. २०२५ साठी सगळ्या देशाचा आकडा २,७०,००० नवे विद्यार्थी, त्यातला व्यवसायशिक्षणाचा वाटा ९५,०००. आणि विधेयक अडवणाऱ्या विरोधकांचं निवडणुकीतलं आश्वासन काय, तर आकडा याहूनही खाली आणू आणि व्हिसाची फी आणखी वाढवू. मे २०२५ मध्ये ते हरले, पण जिंकले असते तरी तुमच्या भावाचं भलं झालं नसतं. दोन्ही पक्षांची चढाओढ एकाच दिशेला चालली असताना "सरकार बदलू दे" म्हणण्यात काय हशील? व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० वरून १,६०० डॉलर झाली, वर्षभरात २,०००. नकार आला तर ती परत नाही. आपल्या पैशांत लाखाच्या वर, नुसतं दार ठोठावायचे.

आता कुकरी. ताई, हा शब्द वाचून मी चष्मा काढून ठेवला.

इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाला स्वयंपाकाचा डिप्लोमा का सुचवला जातो, याला वीस वर्षांचा इतिहास आहे. पंतप्रधान हॉवर्ड यांच्या काळात ऑस्ट्रेलियात मागणी असलेल्या व्यवसायांची एक यादी असायची. तिच्यातला कोर्स केला की पीआरच्या गुणांकनात वाढीव गुण. २००५ मध्ये तिच्यात स्वयंपाकी आणि केशकर्तन आले. झालं. मेलबर्न आणि सिडनीत कुकरी आणि हेअरड्रेसिंगची खासगी कॉलेजं उगवली, जशी आपल्याकडे एके काळी डीएडची उगवली होती. पंजाब, हरयाणा, आंध्र, गुजरातकडून पोरं गेली. वर्गात कांदा चिरायचा आणि रात्री टॅक्सी चालवायची. ९०० तास कामाचा अनुभव दाखवावा लागे, तर त्या दाखल्यांचा वेगळा बाजार सुरू झाला. २००९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीटवर पोरं रस्त्यावर बसली. तेव्हा आपल्या टीव्हीवर रोज तेच होतं, तुम्हाला आठवत असेल. त्याच सुमारास कॉलेजं एकामागून एक बंद पडू लागली. आणि फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे सरकार लेबरचं आल्यावर, मंत्री ख्रिस एव्हान्स यांनी ती यादीच रद्द केली.

ज्यांनी ओव्हनपुढे दोन वर्षं काढली होती, त्यांच्या हातात काय उरलं? स्वयंपाकाचा डिप्लोमा. ज्यांना खरंच आचारी व्हायचं होतं त्यांना तो उपयोगी पडलाच. बाकीच्यांना नाही, कारण त्यांनी स्वयंपाक शिकायला पैसे मोजलेच नव्हते. त्यांनी एक गुण विकत घेतला होता, आणि तो गुण एका मंत्र्याच्या खिशात होता.

कॉलेज बुडालं तर विद्यार्थ्याचे फीचे पैसे वाचावेत म्हणून तिथे २०१२ पासून एक संरक्षण योजना आहे, हे खरं. ती फी वाचवते, वर्षं नाही. इंग्लंडचीही अशीच गोष्ट: तिथल्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांत येणाऱ्या परदेशी पोरांना ऑगस्ट २०१५ पासून शिकताना काम करायची बंदी झाली, आणि विद्यापीठातल्यांना मात्र चालू राहिली. कात्री चालवायची वेळ आली की आधी आपलेच वर्ग, डिप्लोमा आणि ट्रेडवाले. विद्यापीठाच्या कुलगुरूला मंत्री ओळखतो, वेल्डिंगच्या मास्तरला नाही. हे मी जरा कडवटपणे लिहितोय, पण एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

म्हणून कुठलाही कोर्स पुढे आला की भावाला एकच विचारा: उद्या सकाळी पीआरचा आणि वर्क परमिटचा नियम पुसला गेला, तरीही तू हा कोर्स करशील का? कुकरीला तो काय म्हणेल, मला वाटतं तुम्हाला ठाऊक आहे.

जर्मनीचं गणित वेगळं आहे, पण त्या साडेचार लाखवाल्याने सांगितलं तसं नाही.

आउसबिल्डुंग म्हणजे कॉलेजप्रवेश नव्हे. ती कंपनीशी केलेल्या कराराची शिकाऊ नोकरी, बरोबर सरकारी व्यवसायशाळेचे वर्ग. आपला अप्रेंटिस कायदा १९६१ चा, त्याचा मोठा भाऊ समजा, फक्त तिकडे तो मनापासून पाळला जातो. इलेक्ट्रिशियनचा कोर्स साडेतीन वर्षांचा. शाळेला फी नाही, उलट कंपनी दरमहा पैसे देते. कायद्याने ठरलेली किमान रक्कम २०२५ मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी ६८२ युरो होती, मोठ्या उद्योगांत त्याहून जास्त. सार्वजनिक रुग्णालयांत नर्सिंग शिकणाऱ्याला २०२५ मध्ये पहिल्या वर्षी चौदाशेच्या आसपास. ६८२ मध्ये श्टुटगार्टसारख्या शहरात खोली आणि जेवण भागत नाही, हेही लगेच लिहून ठेवतो. जेवढे कमी पडतात तेवढ्यांची सोय व्हिसाच्या वेळी दाखवावी लागते, म्हणजे खात्यात अडकवून ठेवलेले पैसे. त्याला एक एकर लागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, भरवसा कशावर. जर्मनीत कुशल कामगारांचा कायदा मार्च २०२० ला लागू झाला, तेव्हा चॅन्सेलर, म्हणजे तिथल्या पंतप्रधान, मर्केल होत्या. २०२३-२४ मध्ये त्यांच्यानंतर आलेल्या शोल्झ यांच्या सरकारने तो आणखी सैल केला. ते सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये कोसळलं, फेब्रुवारी २०२५ ला निवडणूक झाली, स्थलांतरावर कडक बोलणारे मेर्त्स मे महिन्यात चॅन्सेलर झाले. तरी शिकाऊ उमेदवारांचं दार बंद झालं नाही. मेर्त्स दयाळू आहेत म्हणून नाही. त्यांच्या पक्षाला मतं देणारा वायरिंगचा कंत्राटदार, बेकरीवाला, छोट्या कारखान्याचा मालक, हाच पोरं मिळत नाहीत म्हणून ओरडतोय. त्याच्याकडचे जुने कारागीर निवृत्त होत आहेत. ओंटारिओत तुमच्या भावाची गरज कॉलेजच्या तिजोरीला होती, आणि तिजोरीला मत नसतं. इथे ती मालकाला आहे, आणि मालक मतदार आहे. माझा भरवसा एवढ्यावरच आहे, कुणाच्या भाषणावर नाही.

पण डोळे मिटून जाऊ नका. त्याच निवडणुकीत स्थलांतराला उघड विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. शोल्झ सरकारने जून २०२४ मध्ये चांगलं जर्मन येणाऱ्यांना तीन वर्षांत नागरिकत्वाची सोय केली, एजंटांनी लगेच "तीन वर्षांत जर्मन पासपोर्ट" असे फलक लावले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने ती सोय काढूनही टाकली. पाच वर्षांची साधी वाट शिल्लक आहे. शिवाय जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारला तर वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात. म्हणजे पहिली फाईलच घट्ट हवी. घाईने लावलेली फाईल तिकडे दुरुस्त होत नाही.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून विचाराल, आपल्या सरकारच्या त्या कराराचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी, म्हणजे श्टुटगार्ट ज्याची राजधानी त्याच्याशी, करार केला, पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल मनुष्यबळ पाठवायचं ठरलं, जुलैत शासन निर्णय निघाला आणि भाषा शिकवण्याची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडे आली. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, तेव्हा ओळख जुनी.) या कामाचा चेहरा होते तेव्हाचे मंत्री दीपक केसरकर. नोव्हेंबरात निवडणूक झाली, युती तीच राहिली, पण डिसेंबरच्या मंत्रिमंडळात केसरकर नव्हते. राजकीय बदल फक्त ओटावात आणि बर्लिनमध्येच होतो असं नाही, तो मंत्रालयाच्या एका मजल्यावरही होतो. तुम्ही खात्यातच आहात. जिल्ह्याच्या डाएटमध्ये (शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) जाऊन चौकशी करा, फुकट वर्ग चालू असेल तर भावाचं नाव घाला. पण त्या दहा हजारांत आपला एक धरून घरचा हिशेब मांडू नका.

आता भावासाठी एक वाट, जी त्या क्लासवाल्याने तुम्हाला सांगितलेली नाही, कारण तिच्यात त्याला कमाई कमी. मार्च २०२४ पासून जर्मनीत अशी सोय आहे की आपल्या देशात सरकारमान्य असा किमान दोन वर्षांचा व्यवसायकोर्स झालेला माणूस, जर्मन ए-२ (बी-१ च्या एक पायरी खालची पातळी) आणि कंपनीचा करार घेऊन जाऊ शकतो, आणि आपल्या प्रमाणपत्राची मान्यता तिथे काम करत मिळवू शकतो. भावाचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात. म्हणजे साडेतीन वर्षं पुन्हा पहिलीत बसण्याआधी ही वाट तपासायला हवी. तिच्यात पगार शिकाऊचा नाही, कामगाराचा. कंपनी शोधणं अवघड, कारण ए-२ वर साइटवरची बोलणी समजत नाहीत. मालकही हे ओळखून असतो. मला विचाराल तर बी-१ करूनच कुठल्याही वाटेला लागावं. आणि श्टुटगार्टकडची बोली पुस्तकातल्या जर्मनसारखी नसते. पुण्याच्या माणसाला पहिल्यांदा मालवणी कानावर पडल्यावर जे होतं, ते बी-१ वाल्याचं तिथे होतं. माझा एक विद्यार्थी पहिले तीन महिने नुसता मान हलवत होता, आणि एकदा चुकीच्या ठिकाणी हलवली म्हणून अख्खं पॅनल पुन्हा उघडावं लागलं.

चार महिन्यांत बी-१ होत नाही. दिवसभर नोकरी करणाऱ्याला तर नाहीच. आठ-दहा महिने धरा, दररोज दोन तास. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाची परीक्षा द्यायची. क्लास कुठलाही लावा, पण पैसे पातळीगणिक भरा, एकदम नाही. ए-१ च्या परीक्षेनंतर त्याला भाषा आवडते की नाही हे तुम्हाला कळेल, आणि तोवर गेलेली रक्कम शेतकऱ्याच्या घराला पेलण्यासारखी असेल.

"हमी" देणाऱ्याला एवढंच म्हणा: कंपनीचं नाव दाखवा, करार दाखवा, आणि तो करार तिथल्या उद्योग मंडळाकडे किंवा कारागीर मंडळाकडे नोंदवल्याचा कागद दाखवा. आउसबिल्डुंगचा करार तिथे नोंदवावाच लागतो. मग मालकाशी भावाचं थेट, मध्ये कुणी न बसता, व्हिडिओवर बोलणं होऊ दे. तोडकं-मोडकं का होईना, जर्मनमध्ये. व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे. उरलेले साडेचार लाख कशाचे, हे त्याला लेखी मागा. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला आपल्या कायद्याने ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, आणि नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. पुष्कळ लोक म्हणूनच स्वतःला एजंट न म्हणता क्लास किंवा कन्सल्टंट म्हणवतात.

तिथे गेल्यावर कंपनी बुडाली, मालकाशी पटलं नाही, तर? मुलाची चूक नसेल तर दुसरी शिकाऊ जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. कॅनडातल्या त्या बाकावरच्या दुसऱ्या मुलापेक्षा हे बरं.

एक गोष्ट खटकली, ती लिहितो. तुमच्या पत्रात बाबा बोलतात, कन्सल्टंट बोलतो, क्लासवाला बोलतो, आई गप्प आहे हेही तुम्ही टिपलंत. भाऊ एकदाही बोलत नाही. त्याला जायचंय का? की सगळे जातात म्हणून? चाकणला त्याला काय आवडतं, पॅनल वायरिंग की मोटर रिवाइंडिंग, हे तुम्हाला माहीत आहे का? रविवारी तो घरी आला की व्हिसाचा विषय न काढता हे विचारा. जर्मनीतला मालक मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारतो, हे काम तुला का करायचंय. पाठ केलेलं उत्तर त्याला लगेच ओळखू येतं.

आणि काहीही झालं तरी त्याला अप्रेंटिसशिप अर्धवट सोडू देऊ नका. कंपनीत वर्ष पुरं करून, ट्रेड टेस्ट देऊन, राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हातात घेऊ दे. आयटीआयची गुणपत्रिका, ते प्रमाणपत्र आणि कंपनीचा अनुभवाचा दाखला, त्यावर कामं नीट तपशिलाने लिहिलेली हवीत, नुसतं "समाधानकारक" नको. दाखला देणारा एचआरवाला कंटाळा करेल. त्याच्या टेबलापाशी उभं राहायचं.